कौलारू घरात व्हिडिओ पॉडकास्टसाठी प्रकाशयोजना कशी करावी

व्हिडिओ पॉडकास्टचे चित्रीकरण तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ चालते. त्यामुळे प्रकाश किती आहे यापेक्षा तो पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंत सारखा राहतो का, याला अधिक महत्त्व द्यावे लागते. कोकणात, विशेषतः श्रावणात, घटकेत ऊन आणि घटकेत सर असा खेळ दिवसभर चालू असतो. अशा उजेडात चित्रित केलेल्या मुलाखतीतील दोन वाक्ये संकलनात जोडली, की एकाच उत्तरात पाहुण्याचा चेहरा आधी उजळ आणि मग काळवंडलेला दिसतो. म्हणून दिवे लावण्याआधी, आपल्या ताब्यात नसलेला उजेड बंद करणे ही पहिली पायरी मानावी.

यासाठी पडवीपेक्षा माजघर सोयीचे असते. खिडक्यांवर जाड, शक्यतो काळे कापड लावावे. अंगणातील माडापोफळींवरून परतून येणारा उजेड हिरवट असतो आणि तो चेहऱ्यावर आजारी झाक आणतो, तोही याने थांबतो. त्यानंतर मान वर करून छप्पर पाहावे. जुन्या घरात उजेडासाठी एखादे काचेचे कौल बसवलेले असते आणि त्यातून आलेला कवडसा सूर्याबरोबर सरकत राहतो. चित्रीकरण सुरू करताना जमिनीवर असलेला हा कवडसा अर्ध्या तासाने पाहुण्याच्या खांद्यावर चढलेला असू शकतो. माळ्यावरून त्या कौलाखाली गोणपाट लावले की प्रश्न मिटतो. खोलीतील ट्यूबलाइट आणि बल्बही बंद करावेत.

आता बसण्याची जागा ठरवावी. जांभ्याची भिंत पार्श्वभूमीला फार देखणी दिसते, पण तिच्यावर पडून परतणारा प्रकाश तांबूस होतो. म्हणून खुर्च्या भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे घ्याव्यात. पाहुण्याला झोपाळ्यावर बसवण्याचा मोह टाळावा. झोपाळा थोडा जरी हलला तरी चेहरा दिव्याच्या जवळ-दूर होतो आणि उजेड प्रत्येक हेलकाव्यासोबत कमीजास्त होतो.

मुख्य दिवा निवडताना रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 95च्या आसपास असलेला एलईडी घ्यावा. दिवा मोठा आणि चेहऱ्याच्या जवळ असेल तितक्या सावल्या मऊ पडतात. त्यामुळे साठ ते नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची, पुढे पांढरे कापड असलेली पेटी, चौकटीत दिसणार नाही इतपत, साधारण एक मीटरपर्यंत जवळ आणावा. लहान दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर चेहऱ्यावर जवळपास चौथा हिस्साच प्रकाश उरतो, हे लक्षात ठेवले तर जास्त वॉटचे दिवे विकत घेण्याआधी आहे तो दिवा पुढे सरकवण्याची सवय लागते. सॉफ्टबॉक्स नसेल तर दिव्यापुढे थोड्या अंतरावर धुतलेले पांढरे सुती कापड ताणावे. कोरा मांजरपाट पिवळट असतो, तो टाळावा. आणि हॅलोजन दिव्याजवळ कापड मुळीच लावू नये, कारण तो आग लागण्याइतका तापतो.

हा दिवा पाहुण्याच्या समोरून सुमारे 45 अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर असावा. योग्य उंचीची खूण डोळ्यांतच सापडते: दोन्ही बुबुळांत वरच्या बाजूला दिव्याचे छोटे प्रतिबिंब दिसले पाहिजे. ते दिसत नसेल आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या असतील, तर दिवा फार वर गेला आहे. चष्म्यात दिवा चमकत असेल तर उलट तो आणखी वर आणि बाजूला न्यावा, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून भिंगे खाली झुकवावीत.

चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा दिव्याची गरजच नसते. पांढरा पुठ्ठा उभा केला तरी सावली पुरेशी उजळते. शहरातील खोल्यांसाठी दिला जाणारा, पांढऱ्या छतावर प्रकाश मारून तो खोलीभर पसरवण्याचा सल्ला मात्र येथे उपयोगी पडत नाही, कारण कौले आणि काळसर वासे तो प्रकाश शोषून घेतात.

दोघे समोरासमोर बसणार असतील तर दोनच मोठे दिवे पुरतात. प्रत्येक दिवा एकाच्या पाठीमागे, कॅमेऱ्यापासून दूरच्या खांद्याच्या बाजूला, थोडा उंच उभा करावा. तो समोरच्याचा चेहरा उजळतो आणि त्याच वेळी जवळच्याच्या केसांवर कड आणून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळा करतो. उन्हात रापलेला मच्छीमार आणि गोरा सूत्रसंचालक एकत्र असतील, तर पाहुण्याच्या चेहऱ्यावरील बारकावे दिसतील असा प्रकाश आधी ठरवावा आणि सूत्रसंचालकावरील दिवा मंद करावा. उलट क्रमाने केल्यास पाहुणा अंधारात राहतो, आणि मुलाखत तर त्याची आहे.

कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसावी यासाठीची मांडणी, दिव्याच्या रंगाशी जुळवून कायम करावा. दिवे 5600 केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) असतील तर तोच आकडा ठेवावा. मागच्या भिंतीवर 2700 केल्विनचा एखादा पिवळा बल्ब बाजूने सोडला तर जांभ्याची छिद्रे उठून दिसतात, पण त्याचा प्रकाश चेहऱ्यावर येऊ देऊ नये. मोबाइलवर चित्रीकरण करताना एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि फोकस लॉक करावेत. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवल्यास हा दोष सहसा दिसत नाही. शंका असल्यास मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दिवा चित्रित करून पाहावा.

पावसाळ्यात वीज केव्हाही जाऊ शकते, त्यामुळे बॅटरीवर चालणारे पॅनेल असल्यास उत्तम. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. पाच मिनिटांची चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर तपासावी आणि मगच पाहुण्याला बसवावे. काम संपल्यावर स्टँडचे सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, नाहीतर दमट दिवसांत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते.