जयगडला बोटीचं इंजिन थंड केलं, तो दिवस
मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीनं निघालो होतो. जयगड बंदरात शिरताना इंजिन तापायला लागलं. इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडणारं समुद्राचं पाणी जेमतेम ठिबकत होतं. दुसरा अख्खा दिवस दुरुस्तीत गेला.

आधी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद केला, मग पंपाचं झाकण उघडलं. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या, सहा पात्यांपैकी दोन गायब! इथे नुसता नवा इम्पेलर बसवून मोकळं होऊ नका. तुटलेले तुकडे शोधाच. माझे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकले होते, काळे, नखाएवढे. चिमट्यानं ओढून काढले. नव्या इम्पेलरला ग्लिसरीन लावलं, पात्यांचा झुकाव जुन्यासारखाच ठेवला. व्हॉल्व्ह उघडून इंजिन सुरू केलं. मागून भसाभस पाणी पडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.