जमीन विकली आणि चेक बाऊन्स झाला, आता काय करायचं?

खरेदीखत झालं, सब-रजिस्ट्रारकडं सह्या-अंगठे झाले, घेणाऱ्यानं पुढच्या तारखांचे चेक हातात दिले आणि पहिलाच परत आला, तर करवीर असो नाहीतर शिरोळ, आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, 'खरेदीच रद्द करून टाकू.' एवढं सोपं नाही ते. नुसते पैसे आले नाहीत म्हणून रजिस्टर झालेलं खत रद्द होत नाही, सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय. पैसे पूर्ण मिळाल्यावरच मालकी जाईल असं खतात लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी खत काढून नीट वाचा आणि त्यात चेक नंबर, तारखा, रकमा आहेत का बघा.

मग बँकेतून रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेला कागद घ्या. 'फंड्स इन्सफिशियंट', 'पेमेंट स्टॉप्ड', 'अकाउंट क्लोज्ड' यातलं काहीही लिहिलेलं असलं तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 ची, म्हणजे चेक बाऊन्सची फौजदारी केस होऊ शकते. मेमो कधी मिळाला ती तारीख लिहून ठेवा, कारण सगळा खेळ इथून पुढं तारखांचाच आहे.

समोरचा म्हणणार, 'कारखान्याचं बिल जमा झालं की परत टाका.' चेकवरच्या तारखेपासून 3 महिन्यांत परत टाकता येतो, पण गोड बोलण्यात ते 3 महिनेही जातात आणि नोटिशीची मुदतही जाते, तेव्हा माझं ऐकाल तर वाट बघत बसू नका. बाऊन्स झाल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. वकिलाकडून पाठवा, स्पीड पोस्टानं, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपा, आणि मागणी चेकच्या रकमेचीच करा. सगळ्या जमिनीची बाकी एकाच आकड्यात घुसडली तर नोटीसच कच्ची पडते. व्याज, वकील फी मागायची तर वेगळी दाखवा. चेक कंपनीचा असेल तर कंपनी आणि सही करणारा, दोघांनाही नोटीस.

समजा 3 जूनला मेमो मिळाला, तर 3 जुलैच्या आत नोटीस जायला पाहिजे. ती त्याला 20 जूनला पोचली तर पैसे द्यायला 15 दिवस, म्हणजे 5 जुलैपर्यंत. तोपर्यंत दिले नाहीत तर त्यानंतर एक महिन्यात तक्रार, म्हणजे 5 ऑगस्टच्या आत कोर्टात कागद गेलेला बरा. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये. चार चेक असतील तर प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं, एकाची नोटीस दुसऱ्याला चालत नाही.

तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते, म्हणजे खातं कोल्हापुरात तर चेक भले पुण्याच्या बँकेचा असो, केस इथंच. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीनं गुन्हा नाकारला की चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम, म्हणजे निकालाआधीची भरपाई मागा, मिळेलच असं नाही, पण बरेच जण अर्जच करत नाहीत. हायकोर्टाची वेळ आलीच तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची खेप वाचली.

या केसनं जमिनीचं काही होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. उरलेल्या पैशासाठी दिवाणी दावा वेगळा लागतो, आणि त्यात खरा जोर आहे, कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार न मिळालेल्या किमतीचा बोजा त्या जमिनीवर विकणाऱ्याचा राहतो. त्यानं जमीन पुढं कुणाला विकायच्या आत दावा लावून मनाईहुकूम मागा. फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव लावायच्या नोंदीवर हरकत घ्यायची तर तलाठ्याकडं लेखी द्या, फेरफाराच्या नोटिशीनंतर 15 दिवस असतात, पण हरकतीनं खरेदीखत हलत नाही, फार तर वेळ मिळतो.

तडजोड कधीही करता येते. फक्त केस मागं घेतल्याची सही पैसे खात्यात जमा झाल्यावर करायची, नव्या चेकवर नाही.