नॉर्वेजियन नक्षीचा जाळीदार स्वेटर: या चुका टाळा

नॉर्वेचा रंगीत आलेख (चौकटींच्या कागदावर काढलेली दोन रंगांची नक्षी) समोर ठेवायचा, रंगीत चौकट आली की जाळी पाडायची, रिकामी आली की सुलट विणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक स्वेटर इथेच बिघडतात. रंगीत चौकटीत फक्त धागा बदलतो, टाक्यांची संख्या तीच राहते. जाळीत मात्र भोकासाठी धागा पुढे घेतला, म्हणजे सुईवर एक जादा वेढा दिला, की एक टाका वाढतो, म्हणून शेजारीच दोन टाके एकत्र करून तो कमी करावा लागतो. म्हणजे एका भोकाला दोन टाक्यांची जागा लागते. आलेखात सलग पाच रंगीत चौकटी असतील, तर पाच टाक्यांत पाच भोकं पडणारच नाहीत.

सेल्बू गावचं आठ पाकळ्यांचं फूल घ्या. 1857 मध्ये मारित एमस्टाड या मुलीने ते हातमोज्यांवर विणलं आणि पुढे ते साऱ्या नॉर्वेची ओळख बनलं. त्याच्या पाकळ्या रंगाने भरलेल्या असतात. जाळीत त्या भरू नका. कडेची रेघ भोकांची ठेवा आणि पाकळी सुलट राहू द्या. भरलेल्या पाकळ्यांची जाळी केली की फूल दिसत नाही, नुसती चाळणी दिसते.

आता मापाचा घोळ. एका आड एक फेरा साधा, भोकांशिवाय विणायचा म्हटलं, तर आलेखातली एक चौकट म्हणजे 2 टाके आणि 2 फेरे. 13 चौकटींचं फूल 26 टाक्यांचं आणि 26 फेऱ्यांचं होतं. तुमच्या विणीत 10 सेंटिमीटरला 24 टाके आणि 32 फेरे बसत असतील, तर हे फूल जवळपास 11 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम 8 सेंटिमीटर उंच होईल. वरून कोणी दाबल्यासारखं चपटं! दोन रंगांच्या विणीत टाका जवळजवळ चौकोनी बसतो, म्हणून मूळ आलेखात हे जाणवत नाही. अधूनमधून मिळून आठेक साधे फेरे वाढवले की फूल गोल होतं. हे सगळं सुया हातात घेण्याआधी कागदावरच करावं.

भोकाशेजारी टाका कमी करताना दिशेकडे दुर्लक्ष करू नका. दोन टाके नुसते एकत्र सुलट विणले की ते उजवीकडे झुकतात. दोन्ही टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे सरकवले आणि मागच्या बाजूने एकत्र विणले की डावीकडे. फुलाच्या उजव्या अर्ध्यात एक पद्धत आणि डाव्यात दुसरी वापरली नाही, तर एक बाजू रेखीव आणि दुसरी कुरतडल्यासारखी दिसते.

रंग आणि जाळी एकाच फेरीत आणायचा मोह तर टाळाच. दोन रंगांच्या विणीत न वापरलेला धागा मागून आडवा जातो आणि भोकातून तोच डोकावतो. दोन्ही हवे असतील तर नॉर्वेच्या फाना भागातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरकडे बघा. तिथे पट्ट्यांवर बारीक ठिपके असतात. ते ठिपके भोकांचे केले, तर कुठल्याही फेरीत एकच धागा हातात राहतो. नॉर्वेतल्याच सेटेसडाल भागातल्या काळ्या स्वेटरवरचे सुटे पांढरे टाकेही असेच सहज जाळीत उतरतात, कारण प्रत्येक ठिपका एकटा असतो. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सरळ आहे: अंगभर ठिपके घ्या, आणि फुलांची एकच ओळ खांद्याजवळ.

सुयांच्या नंबरांनी पुष्कळ जणींना चकवलं आहे. नॉर्वेच्या नमुन्यातली 3 नंबरची सुई म्हणजे 3 मिलिमीटरची. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर त्याच जाडीला 11 नंबर असतो, कारण त्या मोजणीत आकडा वाढला की सुई बारीक होते. आजीच्या डब्यातली 3 नंबरची सुई काढलीत तर ती 6 मिलिमीटरहून जाड निघेल.

लोकरीचं म्हणाल तर आपल्या दुकानांत बरीचशी ॲक्रिलिक असते. जाळी उघडते ती विणलेलं भिजवून, मापावर ताणून, पिना लावून वाळवल्यावर, आणि ॲक्रिलिक तो ताण धरून ठेवत नाही. खरी लोकर घ्या. स्वेटरआधी टाके मोजण्यासाठी नमुन्याचा चौकोन किमान 15 सेंटिमीटरचा विणा आणि धुऊन, वाळवूनच मोजा. न धुता मोजलेल्या चौकोनावर बेतलेला स्वेटर पहिल्या धुण्यात गुडघ्याकडे निघतो.

पुढून उघडा स्वेटर हवा असेल, तर नॉर्वेची रीत म्हणजे गोल विणून, मशीनवर शिवण घालून मधोमध कापणे. कापायच्या जागी 7 टाके साधे सुलट ठेवा, भोक एकही नको. शिवण भोकावरून गेली तर तिला धरायला काही उरत नाही. गुळगुळीत लोकरीवर तर कात्री चालवूच नका.

आणि टाके जुळेनासे झाले तर? लगेच उसवू नका. बहुतेक वेळा धागा पुढे घ्यायचा राहिलेला असतो, किंवा घेतलेला वेढा सुईवरून निसटलेला. पुढच्याच फेरीत लक्षात आलं, तर त्या दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून विणा. भोक आहे पण बंद दिसतंय, तर तो वेढा मागून विणला गेला असणार. पीळ पडला की भोक मिटतं. चूक चार-पाच फेरे खाली असेल तर उसवावंच लागतं. त्यासाठी नक्षीची प्रत्येक आडवी ओळ संपली की सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते आणि टाके तिथूनच पुन्हा सुईवर घेता येतात. दोरा ओवायचा तो साध्या फेरीत, जाळीच्या नाही.