माहिती अधिकाराचा अर्ज करताय? या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी फेटाळलेला अर्ज घेऊन माझ्याकडे येतं. "दादा, माहिती अधिकारात आता काही दम राहिला नाही." मी अर्ज वाचतो. बहुतेक वेळा तो माहितीचा अर्ज नसतोच, तक्रार असते.

माझीही सुरुवात अशीच झाली. गावाजवळचा डांबरी रस्ता एका पावसाळ्यात उखडला. मी तावातावाने अकरा प्रश्न लिहिले. रस्ता का उखडला? जबाबदार कोण? ठेकेदारावर कारवाई कधी करणार? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." चिडून अपील केलं, तिथेही हरलो. तेव्हा त्या अधिकाऱ्याला खूप शिव्या घातल्या, पण चूक माझीच होती. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मिळतं ते कार्यालयाच्या दप्तरात आधीपासून असलेलं. 'का' चं उत्तर नव्याने तयार करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून प्रश्न सोडा आणि कागदाचं नाव लिहा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, चाचणी अहवाल. शिवाय कालावधी लिहा. नावं माहीत नसतील तर त्याच खात्यातल्या एखाद्या निवृत्त कारकुनाला चहा पाजा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार नमुन्यांपेक्षा तो चहा स्वस्त पडतो.

दुसऱ्या अर्जात मी उलट्या टोकाला गेलो. "संपूर्ण नस्तीच्या (म्हणजे फाइलच्या) साक्षांकित प्रती द्याव्यात." पत्र आलं: 1,312 पानं, पानाला 2 रुपये, एकूण 2,624 रुपये भरा. ही चूक नवशिके हमखास करतात आणि वर म्हणतात, पैशांनी अडवलं. अरे, आधी बघून तर या! अभिलेखांची पाहणी करण्याचा, टिपणं काढण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे आणि पहिल्या तासाला शुल्कही नाही. तिसऱ्या अर्जात मी फक्त पाहणी मागितली. कारकुनाने दोन गठ्ठे समोर आदळले. मी आधी टिपणीची बाजू, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे असलेली पानं, वाचतो, कारण कुणी शेरा मारला, कुणी तो गिळला, ते तिथे कळतं. मग मोजमाप पुस्तिका उघडली. पहिल्या मोजमापाची तारीख कार्यारंभ आदेशाच्या चार दिवस आधीची! म्हणजे काम सुरू करायचा आदेश निघण्याआधीच झालेलं काम मोजून मोकळे. मला लागली नऊ पानं. अठरा रुपये.

पाहणीला जाताना वही न्या. कोणती नस्ती पाहिली, पानांवर क्रमांक होते की नाही, शेवटचं पान कितवं, हे लिहून मी समोरच्या कर्मचाऱ्याची सही घेतो. तो सही देत नसेल तर त्याच दिवशी तसं पत्र आवक शाखेत देऊन पोच घेतो. पुढे पानं "सापडत नाहीत" तेव्हा ही वही कामाला येते. महाराष्ट्रात 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी 3 ते 5 ही पाहणीची वेळ ठरवून दिली आहे. दारावर पाटी नसली तरी विचारा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हा राज्याचा 2012 पासूनचा नियम आहे. चार खात्यांची खिचडी करू नका. माहिती कशाला हवी ते लिहू नका, कायदा कारण विचारत नाही. राज्याच्या कार्यालयाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालतं, पण रेल्वे किंवा पोस्टासारख्या केंद्राच्या कार्यालयाला चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि अर्जात धमक्या? त्याने फक्त लिहिणाऱ्याचं समाधान होतं.

आता घाईची आणि आळसाची चूक. ही दोन्ही एकाच माणसात सापडतात. तीस दिवस उत्तर आलं नाही की काही जण थेट माहिती आयोगाकडे कलम 18 ची तक्रार ठोकतात. त्या तक्रारीवर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश मिळत नाही. माहिती हवी असेल तर कलम 19 चं अपीलच करावं लागतं. दुसरीकडे, "साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात देतो" म्हणून बसून राहणारे. उत्तर न येणं म्हणजे कायद्याने नकारच, आणि त्यानंतर पहिल्या अपिलाला 30 दिवसच असतात. साहेबांचा पुढचा आठवडा ते 30 दिवस सहज खाऊन टाकतो. मी अर्जाची पोच हातात पडते त्याच दिवशी घरी येऊन पहिल्या अपिलाचा नमुना, म्हणजे जोडपत्र ब, भरतो, 20 रुपयांचं तिकीट लावतो आणि तारखेची जागा तेवढी कोरी ठेवतो.