ट्रिप पुढे गेली तरी मोटरहोम विसरू नका
रिटायर झाल्यावर मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली म्हणजे सगळं प्लॅनप्रमाणे होतंच असं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, घरात कुणीतरी आजारी पडतं आणि ट्रिप सहा महिने पुढे जाते. आपण आराम करतो पण गाडी उभ्या उभ्या खराब होत असते. सगळ्यात आधी टायर बघा, नक्षी नवीकोरी दिसते म्हणून फसू नका (मी फसलोय), टायरच्या बाजूला डीओटी कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला, आणि सहा-सात वर्षं उलटली असतील तर टायरवाल्याला दाखवल्याशिवाय लांब निघूच नका. आतली (राहायच्या भागातल्या दिव्यांची वगैरे) बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर ती नुसती पडून पण उतरते, १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२च्या खाली बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती कायमची कमजोर, म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंग हवंच. पाण्याची टाकी रिकामी, फ्रिजचं दार किंचित उघडं. आणि हो, बुकिंग थोडं महाग पडलं तरी कॅन्सल करता येणारंच घ्या.