ज्वालामुखी कसा वाचावा: उतार, दगड, वायू आणि पाणी

जागृत, निद्रिस्त आणि मृत ही तीन नावं बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात. मी भूविज्ञान शिकवते, आणि पहिल्याच तासाला ती बाजूला ठेवायला सांगते. डोंगर अलीकडच्या काळात काय करत होता एवढंच त्यांतून कळतं. तो फुटला तर कसा फुटेल, हे त्यांतून कळत नाही. फिलिपिन्समधला पिनाटुबो सुमारे ५०० वर्षं गप्प होता. दाट जंगलाने झाकलेला, उतारांवर माणसांची वस्ती असलेला साधा डोंगर. १५ जून १९९१ रोजी त्याच्या राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला आणि पुढच्या काळात पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. डोंगर किती वर्षं गप्प आहे यापेक्षा त्याच्या पोटात कसला शिलारस आहे हे विचारायला शिका.

आधी उतार मोजा

उपग्रह नकाशा उघडा आणि डोंगरावरून आरपार एक रेघ ओढून उंचीचा आलेख काढा. वरून घेतलेल्या छायाचित्रावर विसंबू नका, त्यात चढ-उतार सपाट दिसतात.

सुरुवात हवाईच्या मौना लोआपासून करा. समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच असूनही त्याचा उतार बहुतेक ठिकाणी १० अंशांहून कमी आहे. आलेखात शिखर कुठे सुरू झालं ते शोधावं लागतं. हा ढाल ज्वालामुखी. त्याचा लाव्हा बेसाल्टचा, ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा. त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य, जितकं जास्त तितका शिलारस घट्ट) निम्म्याच्या आसपासच असते म्हणून तो पातळ असतो आणि थिजण्याआधी लांबवर पोहोचतो. वरची साय घट्ट होऊन आत बोगदा तयार झाला, तर त्या बोगद्यातून फारसा न निवता दहा-दहा किलोमीटर जातो. असे हजारो पातळ थर एकमेकांवर पसरत हा डोंगर उभा राहिला. अशा उद्रेकाला पुस्तकात 'शांत' म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. २०१८ मध्ये शेजारच्या किलाउआच्या लाव्ह्याने सुमारे ७०० घरं गिळली. माणसं चालत बाजूला होऊ शकली, घरं होऊ शकत नाहीत.

उतार ३० अंशांच्या वर, उंची काही शे मीटर आणि माथ्यावर वाडग्यासारखं मुख, असं दिसलं तर तो राखेचा आणि लाव्ह्याच्या खड्यांचा शंकू. हवेत उडालेले खडे मुखाभोवती पडतात आणि सुटा ढीग ज्या कोनात टिकतो त्या कोनात थांबतात. मेक्सिकोत २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुटिन जन्माला आला. वर्षभरात शंकू ३०० मीटरच्या वर गेला, १९५२ मध्ये थांबला, आणि संपला. असे शंकू बहुतेक एकदाच फुटतात. कोरी जमीन ते पूर्ण वाढलेला ज्वालामुखी हा सगळा प्रवास इथे माणसांना डोळ्यांनी पाहता आला, म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

आलेख पायथ्याशी सौम्य आणि वर जाताना अधिकाधिक चढा होत असेल, तर समोर मिश्र ज्वालामुखी आहे. जपानचा फुजी, फिलिपिन्सचा मेयॉन. राखेचा थर, त्यावर लाव्हा, पुन्हा राख. इथला शिलारस बहुधा अँडेसाइटचा, बेसाल्टपेक्षा घट्ट. लाव्हा माथ्याजवळच थिजतो, राख आणि चिखल खाली पसरतात, म्हणून उताराला ती सुंदर वळणदार रेषा मिळते.

आणि डोंगरच नसेल तर? तिथे अधिक काळजीने पाहा. सुमात्रातलं तोबा सरोवर सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० रुंद आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी इतका शिलारस एका उद्रेकात बाहेर पडला की वरचं छत पोकळीत कोसळलं. हा कॅल्डेरा. भेगांतून होणाऱ्या उद्रेकांतही डोंगर नसतो. आइसलँडमधल्या लाकीची भेग १७८३ मध्ये २७ किलोमीटर उघडली. दख्खनचं पठार घडवणारा बेसाल्टही मुख्यतः भेगांतूनच आला.

मग दगड हातात घ्या

जमलं तर दोन दगड मिळवा: प्यूमिस आणि ऑब्सिडियन. प्यूमिस फिकट, खरखरीत, पाण्यावर तरंगणारा. ऑब्सिडियन काळी, जड, धारदार काच. दोन्ही एकाच शिलारसाचे असू शकतात. रासायनिक तपासणीत फरक जवळजवळ नसतो. तरी एक स्फोटात उडालेला आणि दुसरा सावकाश वाहिलेला. ज्वालामुखीशास्त्रातलं सर्वांत महत्त्वाचं उत्तर या जोडीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

फरक वायूचा आहे. खोल जमिनीत प्रचंड दाबाखाली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड शिलारसात विरघळलेले असतात. शिलारस वर सरकतो तसा दाब घटतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटू लागतो. बेसाल्ट पातळ असल्याने बुडबुडे त्यातून निसटून जातात. फार तर लाव्ह्याचं कारंजं उडतं. रायोलाइट या दुसऱ्या टोकाच्या शिलारसात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते आणि तो बेसाल्टपेक्षा लक्षावधी पटींनी घट्ट असू शकतो. बुडबुडे अडकतात, फुगत राहतात, आणि आकारमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्यांनी व्यापला की शिलारसाच्याच चिंधड्या उडतात. त्या चिंधड्या म्हणजे ज्वालामुखीची राख. ती काही जळून उरलेली राख नव्हे, काचेचे आणि खडकाचे बारीक कण असतात. पावसात भिजली की इतकी जड होते की छपरं कोसळतात. पिनाटुबोच्या वेळी नेमकं वादळ आलं होतं आणि बरेच बळी अशा छपरांखाली गेले. वायू वाटेत हळूहळू झिरपून गेला, तर तोच रायोलाइट वाहतो आणि ऑब्सिडियन बनतो.

म्हणून दगडात आधी रंग पाहा, मग भोकं पाहा. गडद आणि जड असेल तर बहुधा बेसाल्ट. फिकट आणि भोकाभोकांचा असेल तर स्फोटाचा पुरावा. रंग एकटा फसवतो: ऑब्सिडियन काळी असूनही सिलिकाने भरलेली असते.

झाकण कसं उघडलं ते शोधा

दाब किती साठला याइतकंच तो कोणत्या बाजूने सुटला हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सची उत्तरेकडची बाजू १९८० च्या वसंतात दिवसाला दीड-दोन मीटर फुगत होती. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंप झाला, ती बाजू घसरली, आणि आतला दाब आडवा सुटला. ५७ माणसं गेली, डोंगर सुमारे ४०० मीटरने बुटका झाला. आजही त्याचं मुख घोड्याच्या नालेसारखं एका अंगाने उघडं आहे. नकाशात असा एका बाजूने तुटलेला माथा दिसला, तर त्या दिशेच्या सपाटीवर डोंगराचे उरलेले तुकडे टेकड्यांच्या रूपात सापडतात का ते जरूर पाहा.

पाणी जवळ आहे का?

पातळ, बिनधोक वाटणारा बेसाल्टही पाण्याला भिडला की क्षणात वाफ होते आणि स्फोट होतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून सर्टसी बेट याच पद्धतीने वर आलं. २०१० मध्ये आइसलँडमधल्याच एयाफ्यालायोकुल या ज्वालामुखीवरच्या हिमनदीचं पाणी मिसळल्याने राख फार बारीक झाली आणि युरोपची विमानं दिवसेंदिवस जमिनीवर राहिली. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगामधल्या पाण्याखालच्या ज्वालामुखीचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत चढला. जमिनीवर याची खूण म्हणजे रुंद, उथळ, बुटक्या कडांचं गोल विवर, बहुतेकदा आत तळं असलेलं.

उद्रेकाला नाव द्या, पण डोंगराला चिकटवू नका

हवाईयन म्हणजे कारंजी आणि वाहता लाव्हा. स्ट्राँबोलियन म्हणजे थोड्या थोड्या वेळाने उडणारे तप्त गोळे. व्हल्कॅनियन म्हणजे घट्ट बूच उडवून देणारे तुटक, जोरदार स्फोट. प्लिनियन म्हणजे तासन्‌तास टिकणारा उंच स्तंभ. इसवी सन ७९ मध्ये रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इटलीतल्या व्हेसुव्हियसचा तसा स्तंभ पाहून लिहून ठेवला. एकच डोंगर एका आठवड्यात यांतल्या दोन-तीन तऱ्हा दाखवू शकतो.

पेलीयन तऱ्हा वेगळी सांगायला हवी. घट्ट लाव्ह्याचा घुमट कोसळतो किंवा फुटतो आणि वायू, राख, दगड यांचा शेकडो अंश तापलेला लोट जमिनीलगत धावतो. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीच्या अशा लोटाने सेंट पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसं काही मिनिटांत मारली. यापासून पळता येत नाही, आधीच निघून जावं लागतं.

उद्रेकाचा आकार ० ते ८ या स्फोटकता निर्देशांकाने मोजतात. पायरीगणिक बाहेर पडलेला माल साधारण दहापट वाढतो. पण हा आकडा म्हणजे धोका नव्हे. कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक मोजपट्टीवर लहानच होता. त्याने माथ्यावरच्या बर्फाचा काही भाग वितळवला, चिखल नद्यांच्या खोऱ्यांतून उतरला आणि दूरच्या आर्मेरो शहरात २०,००० हून अधिक माणसं गाडली गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. हे शिकवताना मला दर वेळी राग येतो. म्हणून माथ्यावर बर्फ किंवा तळं दिसलं, की तिथून निघणारी प्रत्येक नदी बोटाने खाली शोधत जा आणि तिच्या काठची गावं लिहून काढा.

सराव करायचा तर मौना लोआ, पारिकुटिन, मेयॉन, तोबा या क्रमाने आलेख काढा. शेवटी सिसिलीतला एटना घ्या. खालचे उतार ढालीसारखे मंद, वर मिश्र ज्वालामुखीचा चढ, अंगावर शेकडो राखेचे शंकू आणि पूर्वेला कोसळलेलं भलंमोठं खोरं. त्याला एकच नाव द्यायची घाई करू नका, प्रत्येक भाग कोणत्या तऱ्हेच्या उद्रेकाने घडला ते वेगवेगळं लिहा.