४१० आणि २८ गेजसाठी छर्ऱ्याचा नंबर कसा ठरवावा

सावंतवाडीजवळच्या आमच्या घरी शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आजोबा ज्या मापाने दारू भरत, त्याच मापाने छर्रे भरत. गेली २१ वर्षं मी मिशिगनमध्ये राहते. दर रविवारी रेंजवर स्कीट (हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायचा खेळ) आणि पानगळीच्या दिवसांत जंगलात वुडकॉक आणि ग्राउस या पक्ष्यांची शिकार, हा माझा नेम. हातात बहुतेक वेळा ४१० किंवा २८ गेजची बंदूक असते (ही नळीच्या आकाराची मापं, दोन्ही लहान). नवी बंदूक घेतलेली इथली मराठी मंडळी विचारतात, "ताई, काडतूस कुठल्या नंबरचं घेऊ?" मी उलट विचारते, "किती अंतरावर मारणार?" कारण या लहान नळ्यांमध्ये नंबर अंतरावरून ठरतो.

आधी नंबर समजून घ्या; तो काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या, म्हणजे बारीक गोळ्यांच्या, आकाराचा असतो. अमेरिकन पद्धतीत १७ मधून नंबर वजा केला की छर्ऱ्याचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागात मिळतो. ९ नंबर म्हणजे ०.०८ इंच, साधारण २ मिमी; ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, २.८ मिमी. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. भारतात एसजी, एलजी ही छर्ऱ्यांची नावं ऐकत वाढलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती ब्रिटिश पद्धत आहे आणि दोन्हींचे नंबर जुळत नाहीत. ब्रिटिश ६ नंबर २.६ मिमीचा असतो.

आता काडतुसात काय मावतं ते बघा. ४१० च्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस शिसं, म्हणजे १४ ग्रॅम. ९ नंबरचे त्यात सुमारे २९० छर्रे बसतात, ८ नंबरचे २०५, साडेसातचे १७५ आणि ६ नंबरचे जेमतेम ११२. २८ गेजमध्ये पाऊण औंस मावतं: ९ नंबरचे ४४० च्या आसपास, ८ चे ३०७, साडेसातचे २६२. हेच आकडे मी घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

६ नंबरचा एक छर्रा ९ नंबरच्या छर्ऱ्यापेक्षा अडीचपटीहून जास्त जड असतो, म्हणून मोहात पडायला होतं. माझ्या पहिल्या हंगामात मीही पडले. ४१० मध्ये ६ नंबर घालून ३५ यार्डांवरच्या ग्राउसवर बार टाकला. पिसं उडाली, पक्षी तसाच पुढे गेला. मैत्रिणीच्या कुत्रीने तासभर हुंगून काढलं, पण तो सापडला नाही. पक्षी जखमी होऊन झुडपात मरून पडणं ही शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट. ११२ छर्रे तेवढ्या अंतरावर पसरले की मधे पक्षी मावेल एवढ्या मोकळ्या जागा राहतात. छर्ऱ्यात दम असतो, पण तो पक्ष्याला लागतच नाही. तेव्हापासून ४१० ने २५ यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही.

स्कीटसाठी विचार करायची गरजच नाही. तबकडी २१ यार्डांच्या आसपास असते, फोडायला फार जोर लागत नाही, हवी असते ती दाटी. दोन्ही नळ्यांत ९ नंबर. स्पोर्टिंग क्लेजमध्ये (तबकड्या फोडायचाच दुसरा खेळ) लांबच्या तबकड्या येतात, तिथे ८.

वुडकॉक छोटा पक्षी. अॅस्पेनच्या कोवळ्या रानात १५ यार्डांवर पायाखालून उठल्यासारखा उडतो. २८ मध्ये ९ किंवा ८ नंबर पुरे. सप्टेंबरच्या मध्याला ग्राउसचा हंगाम उघडतो तेव्हा पानं दाट असतात, बार जवळूनच होतो, तेव्हा ८. पानं झडल्यावर पक्षी लांबूनच उठतो, मग २८ मध्ये साडेसात. ४१० नेच जायचं असेल तर तीन इंची काडतुसात साडेसात घ्या, सुमारे २४० छर्रे मिळतात. पण चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) तीन इंची आहे ना, हे नळीवर कोरलेलं वाचल्याशिवाय नाही. बदकांसाठी १९९१ पासून अमेरिकेत शिसं चालत नाही. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं असल्याने लहान नळीत ते मला पटत नाही. बदकांना मोठी बंदूक न्या.

खोक्यावर "अँटिमनी जास्त" (अँटिमनी म्हणजे शिसं कडक करायला मिसळतात तो पदार्थ) किंवा "मॅग्नम शॉट" असं असेल तर दोन पैसे जास्त द्या. ४१० मध्ये छर्ऱ्यांचा थर अरुंद आणि उंच असतो. बार होताना तळचे छर्रे दाबले जातात, चपटे होतात आणि चपटा छर्रा भरकटतो. कडक छर्रा गोल राहतो.

एवढं ठरलं की कागदावर तपासा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. चार फूट रुंद खाकी कागद पुठ्ठ्यावर ताणून लावा, मागे मातीचा बांध हवा, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. ज्या अंतरावर मारणार त्याच अंतरावरून, प्रत्येक बारासाठी नवा कागद, असे निदान पाच. सर्वांत दाट जागा मध्य धरून ३० इंचांचं वर्तुळ काढा. मग तबकडीएवढी, ११ सेंटीमीटरची पुठ्ठ्याची चकती कापून वर्तुळभर फिरवा. चकतीखाली तीनपेक्षा कमी भोकं झाकली जातात अशा जागा पेन्सिलीने रंगवा. रंगवलेलं जास्त दिसलं तर आधी चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग) एक पायरी घट्ट करा, मग बारीक नंबर, आणि तरीही जमलं नाही तर अंतर कमी करा. दोन कंपन्यांचं एकाच नंबरचं काडतूस एकाच नळीतून वेगळं पडतं, म्हणून जे जमलं त्याची तीन-चार खोकी एकदम घ्या.

धक्का कमी म्हणून मुलांना पहिली बंदूक ४१० देतात. कृपा करून देऊ नका. एवढ्या थोड्या छर्ऱ्यांनी मूल चुकत राहतं आणि हिरमुसतं. हलक्या काडतुसांची २८ द्या.

आणि खिसे वेगळे ठेवा. २८ चं काडतूस २० गेजच्या नळीत घसरून पुढे अडकतं; मागून २० चं घालून बार केला तर नळी फाटते. आमच्या रेंजवर २० चं पिवळं काडतूस माझ्या डाव्या खिशात, २८ चं उजव्या, आणि बंदूक बदलली की दोन्ही खिसे रिकामे करून मगच पुढचं स्टेशन, म्हणजे बार करायला उभं राहायची पुढची जागा.